हाउंडला सगळं शिकवा, पण एकेक करून, आणि डुक्कर-भेकर सोडून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागे एका वाचकाचं पत्र आलं होतं. मुद्दा असा की आपल्याकडची पोरं हल्ली हौसेनं हाउंड, म्हणजे शिकारी जातीची कुत्री, घेतात पण त्या कुत्र्यांना एकच काम येतं किंवा कुठलंच येत नाही, कुत्रा कसा ऑलराउंडर पाहिजे, डुक्कर पण, ससा पण, भेकर पण, आणि त्यासाठी उपाय काय तर पिल्लू चार महिन्यांचं झालं की मोठ्या कुत्र्यांबरोबर रानात सोडायचं, दिसेल त्याच्या मागे पळू द्यायचं, आपोआप शिकतं. वाचून डोकं भणभणलं. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला कुळागरवाला माणूस, माड सुपारी आणि थोडं वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, घरात कुत्री पहिल्यापासून, त्यामुळे हे पत्र लिहायला बसलोय, जरा लांबेल, जागा कमी असेल तर कापा पण कुत्र्यांचा भाग कापू नका.

माझं म्हणणं सरळ आहे. एका हाउंडला एकापेक्षा जास्त जनावरांचा माग शिकवता येतो, जगात शिकवतात पण. फक्त ते एकदम शिकवत नाहीत, एक पक्कं झालं की दुसरं, आणि त्या सगळ्याच्या आधी 'सोड' म्हटलं की सोडायला शिकवतात. आणि गोव्यात तो दुसरा तिसरा माग कशाचा चालेल हे कायद्यानं कधीच ठरवून टाकलंय, त्यात डुक्कर आणि भेकर बसत नाही, कितीही ओढून ताणून बसवलं तरी.

हे ऑलराउंडरचं खूळ आलं यूट्यूबवरून. अमेरिकेतले व्हिडिओ आहेत, डोक्याला टॉर्च लावलेला माणूस रात्री जंगलात, कुत्रे पुढे सुटलेले, लांबून भुंकण्याचा आवाज येतो आणि हा माणूस नुसत्या आवाजावरून सांगतो की आता माग काढतायत, आता झाडाखाली उभे राहिले. रॅकून नावाचं जनावर असतं, मांजरापेक्षा थोडं मोठं, डोळ्यांवर काळा पट्टा, कुत्रा मागे लागला की झाडावर चढतं, आणि कुत्र्याचं काम एवढंच की मालक येईपर्यंत त्याच झाडाखाली उभं राहून भुंकायचं. ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक, रेडबोन, ब्लॅक अँड टॅन अशा जातीच आहेत त्याच्यासाठी. प्लॉट हाउंड म्हणून एक आहे, तो नॉर्थ कॅरोलिनाचा राज्यकुत्रा, त्याला अस्वल आणि रानडुक्कर दोन्हीवर वापरतात. तर आपली पोरं बघतात की एकच कुत्रा आज रॅकूनच्या झाडाखाली आणि उद्या अस्वलाच्या मागे, आणि म्हणतात बघा ऑलराउंडर. पण व्हिडिओत दिसतो तो चार-पाच वर्षांचा तयार कुत्रा. त्याची पहिली दोन वर्षं कुणी अपलोड करत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नसतं, पट्टा धरून चालायचं आणि परत चालायचं.

त्याच लोकांना विचारा की सगळ्यात वाईट कुत्रा कुठला, तर ते सांगतील की रॅकूनवर सोडला आणि हरणाच्या मागे गेला तो. त्यांच्या भाषेत नको असलेल्या जनावराला ट्रॅश म्हणतात, म्हणजे कचरा, आणि तरुण कुत्रा कचऱ्याच्या मागे जायचा बंद होईपर्यंत त्याला दुसरं काहीही दाखवत नाहीत. त्याचं कारण आहे. हरणाचा वास दांडगा असतो, खुरांच्या मधे ग्रंथी असतात त्यामुळे पाऊल पडेल तिथे वास उरतो, वर हरीण लांब पळतं, मजा येते, आणि एकदा पिल्लाला त्या मजेची चटक लागली की मग रानमांजरासारख्या जनावराचा हलका तुटक माग काढायचा कंटाळा करतं. म्हणून तिथले बरेच जुने लोक आधी अवघड, हलक्या वासाचं जनावर शिकवतात आणि सोपं, जोरदार वासाचं नंतर. आपल्या पत्रलेखकांनी बरोबर उलटं सांगितलंय, आधी डुक्कर. डुकराचा वास तर आपल्यासारख्या माणसाला पण येतो हो, त्याच्यात पिल्लाच्या नाकाला शिकण्यासारखं काय आहे.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कुत्रा नुसता वास शिकत नाही, तो अख्खं काम शिकतो, माग कुठे सुरू होतो पासून शेवटी काय करायचं तिथपर्यंत. रॅकून झाडावर जातं, तिथे झाडाला पाय लावून भुंकलं की झालं. डुक्कर झाडावर जात नाही, ते दमलं की वळतं आणि समोर उभं राहतं, तिथे कुत्र्यानं लांब राहून भुंकायचं असतं, जवळ गेला की सुळ्यानं पोट फाटलंच. ससा गोल फिरून परत तिथेच येतो. साळिंदर तर पाठ करून मागे धावत येतं, काटे तोंडात, छातीत घुसतात आणि आत सरकत जातात, डॉक्टरला पण सगळे सापडत नाहीत. म्हणजे चार जनावरं म्हणजे चार वेगळे शेवट, आणि चार महिन्यांच्या पिल्लानं ते सगळे एकाच हिवाळ्यात शिकायचे? बालवर्गातल्या पोराला एकाच दिवशी मराठी, कोकणी, इंग्रजी तिन्ही अक्षरं गिरवायला लावली तर जे होईल तेच होणार, पोर शाळेलाच घाबरेल. इथे फरक इतकाच की पोर रडतं, पिल्लू मरतं.

जर्मनीचं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यांच्याकडे बहुपयोगी कुत्रा ही सरकारमान्य गोष्ट आहे आणि त्याची परीक्षा असते. ड्राटहार म्हणून जात आहे, तारेसारखे राठ केस, दाढीवाला कुत्रा. पहिल्या वसंतात तरुण कुत्र्याची परीक्षा होते, त्यात सशाचा माग, नाक, शोधायची पद्धत, मालकाबरोबर जुळवून घेणं असं बघतात, म्हणजे गुण बघतात, पाठांतर नाही. मग शरद ऋतूत पुढची परीक्षा, त्यात पाण्यातलं काम येतं. आणि नंतर तयार कुत्र्यांची मोठी परीक्षा, तिच्यात रान, शेत, पाणी, आणून देणं, आणि रक्ताचा माग, किमान ४०० मीटरचा, काही तासांपूर्वी घातलेला. बघा म्हणजे सगळंच शिकवतात, पक्षी, ससा, हरीण, डुक्कर, कोल्हा, पण पायऱ्या ठरलेल्या आहेत. आणि त्या परीक्षेत आज्ञापालनाचे मार्क वेगळे असतात, समोरून ससा उठला आणि मालकानं थांब म्हटलं तर कुत्र्यानं खाली बसायचं. ज्याला हे जमत नाही तो कितीही चांगल्या नाकाचा असो, मार्क जातातच. शिवाय तिथला कायदाच सांगतो की हाका घालून शिकार करायची असेल किंवा जखमी जनावर शोधायचं असेल तर शिकलेला कुत्रा पाहिजे. जखमी जनावर रानात तसंच सोडून घरी जेवायला जायचं हे तिथे चालत नाही.

इंग्लंडमध्ये पण हाउंडच्या टोळ्या पिढ्यान् पिढ्या एकाच जनावरावर ठेवायचे, कोल्ह्यावरच्या वेगळ्या, सशावरच्या वेगळ्या, आणि चुकीच्या जनावरामागे गेलेल्या हाउंडला परत वळवायला घोड्यावरून माणसं ठेवलेली असायची. २००४ च्या कायद्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी रानटी जनावरांची शिकार करणंच बंद केलं. असो.

आता आमच्याकडचं. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. शिगम्याच्या वेळी गावची पारध निघायची, हाकारे एका बाजूनं, बंदूकवाले दुसऱ्या बाजूला, आणि कुत्री गावठीच, कुणाची पाळलेली कुणाची नुसती जेवायला येणारी. त्यात ऑलराउंडर एकही नव्हता. एक-दोन म्हातारे कुत्रे माग काढायचे, बाकीचे भुंकून गर्दी करायचे, आणि एखादा असायचा जो नुसता उभ्या डुकराला अडवून धरायचा. जुनी माणसं म्हणायची की भुंकण्यावरून कळतं पुढे डुक्कर आहे की भेकर. म्हणजे बहुपयोगी काय असेल तर ती टोळी, एक कुत्रा नव्हे. आणि ज्यांचं हे ज्ञान होतं त्यांनीच कायदा आल्यावर बंदुका परत केल्या, किंवा नाही केल्या, ते आपल्याला माहीत आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

मुधोळ, म्हणजे कर्नाटकातली हाउंडची जात, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्याला त्याला मुधोळ पाहिजे, बेळगावकडून आणतात, कारवान म्हणून पण विकतात. सुंदर कुत्रा, वाद नाही, मुधोळचे राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात सांभाळली, पंचम जॉर्जला पिल्लं भेट दिली, २००५ साली पोस्टानं तिकीट काढलं, लष्करानं पण घेऊन बघितलीत. पण हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा. दख्खनचं माळरान त्याचं घर, जनावर लांब दिसलं पाहिजे आणि पळायला सपाट जागा पाहिजे. आमच्या सत्तरीत कारवी, बांबू, वेली, दहा पावलांवरचं दिसत नाही, तिथे तो कुत्रा आंधळाच. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, सोडाल तर चिऱ्याच्या खाचांत पाय अडकून मोडतो, पावसात शेवाळ असतं ते वेगळंच. त्याला तुम्ही नाकाचं काम शिकवणार, तेही तीन जनावरांचं! पैसे जास्त झाले असतील तर मांगराचं छप्पर दुरुस्त करा म्हणावं. आणि पर्वरीत चौथ्या मजल्यावर बाल्कनीत मुधोळ बांधून ठेवणारे पण तितकेच, त्याच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये बीगल, जो अख्खं आयुष्य सशाच्या वासावर चालायला घडवलेला, आणि मालकीणबाई तक्रार करतात की सारखा जमीन हुंगतो.

बरं, कायदा. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, पाठलाग करणं, फास लावणं, हाकणं, आमिष दाखवणं, विष घालणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न, सगळं शिकारच. म्हणजे कुळागराच्या कुंपणाच्या आत रात्री भुंकणारा कुत्रा ही राखण, आणि तोच कुत्रा तुम्ही रानात डुकरामागे मुद्दाम सोडलात की शिकार, डुक्कर हाती लागलं नाही तरी. २०२२ च्या दुरुस्तीनं शेड्युल, म्हणजे कायद्यातल्या जनावरांच्या याद्या, बदलली, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, रानडुक्कर आता दुसऱ्या शेड्युलात, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. आणि पहिल्या शेड्युलातलं जनावर असेल तर तीन ते सात वर्षं आणि दंड किमान २५ हजार. गवा पहिल्या शेड्युलात, तो तर आपला राज्यप्राणी. घोरपड पहिल्या शेड्युलात. खवले मांजर, पिसोरी, मोर, सगळे तिथेच.

इथेच त्या ऑलराउंडरची खरी गोची होते. कुत्रा शेड्युल वाचत नाही. 'दिसेल त्याच्या मागे जा' असं शिकवलेल्या तरुण कुत्र्याला रानात पहिलं काय सापडणार? डुक्कर नाही, ते वास घेऊन आधीच गेलेलं असतं. त्याला सापडणार घोरपड, नाहीतर गोळा होऊन बसणारं खवले मांजर, म्हणजे जे पळू शकत नाही ते. पोरगा म्हणणार मी ससा शिकवत होतो, वनखात्याचा माणूस म्हणणार तोंडात काय आहे ते दाखव. बंदूक, गाडी, जाळं जे काही वापरलं असेल ते पण जप्त. त्या पत्रलेखकांनी असं सुचवलंय की खात्यानं जरा डोळेझाक करावी, गावातली पोरं आहेत. म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेलेले सापडले, तेव्हा देशभर सत्तरीचं नाव झालं ते आम्हाला अजून पुसता आलेलं नाही. डोळेझाक नको.

आणि रानातून कुत्रा काय घेऊन येतो ते पण बघा. २०१५ नंतर सत्तरीत माकडतापानं माणसं गेली, गोचिडीतून पसरतो तो, काजूच्या मोसमात रानात जाणाऱ्यांना आम्ही सांगून सांगून थकलो की अंगाला तेल लावा, कपडे गरम पाण्यात टाका. आता तुम्ही कुत्रा दिवसभर त्याच रानात फिरवून संध्याकाळी ओसरीवर बांधणार, पोरं त्याच्या अंगावर लोळणार, आणि त्याच्या कानात गोचिडी. उलट बाजूनं, कुत्र्याचे रोग रानात जातात, डिस्टेंपर, पार्व्हो, रानकुत्र्यांना आणि बिबट्यांना लागतात. रेबीजचं तर आपण खरंच चांगलं काम केलंय, घरोघर रस्तोरस्ती लस टोचून २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झाला, आणि त्यावर लस न दिलेली कुत्री टोळीनं रानात सोडायची? बिबट्याचं वेगळं सांगायला नको, कुत्रा त्याच्या आवडीचा, रात्री एकटा माग काढत गेलेला तरुण कुत्रा परत आला नाही तर वनखात्याला शिव्या देऊ नका.

आता कुणी म्हणेल हा शहाणा नुसता नको नको म्हणतो, मग कुत्र्याचं करायचं काय. तर करण्यासारखं खूप आहे, आणि तेच सांगायला हे पत्र.

नाकाचं काम शिकवायला रान लागतच नाही. आधी पिल्लाच्या लसी पूर्ण करा, रेबीजची तीन महिन्यांनंतरची पण. दात बदलतात तेव्हा, म्हणजे चार ते सहा महिने, तोंडात काही धरायची सक्ती करू नका, दुखतं त्याला. हाडं पक्की व्हायला वर्ष लागतं, मोठ्या जातीला दीड, तोपर्यंत लांब पळवणं नाही, उड्या नाहीत. पण वास? वास आठव्या आठवड्यापासून शिकवा. जेवणाची ताटली अंगणात लपवा, मग परड्यात, मग माडांच्या मधे, आणि शोधून काढली की कौतुक करा. नाव घेतलं की येणं आणि 'सोड' म्हटलं की सोडणं हे घरात, मग अंगणात, मग रस्त्यावर कोंबड्या फिरतात तिथे. कोंबडीसमोर जो कुत्रा सोडतो तो पुढे कशासमोरही सोडेल. गळ्यात करंटचा पट्टा घालून हे शिकवणारे आहेत, ऑनलाइन मिळतो, अमेरिकेत हरणापासून तोडायला वापरतात, मला विचाराल तर अजिबात नको. झटका बसला त्या क्षणी कुत्र्यासमोर जे असेल त्याला तो धरतो, ते शेजारचं पोर असू शकतं.

मग पहिला माग. आमच्याकडे गुरं चरायला सोडतात आणि एखादी गाय संध्याकाळी येतच नाही, कधी व्यालेली असते, कधी खड्ड्यात पडलेली. मग बॅटरी घेऊन अख्खं घर रानात. तर कुत्र्याचा पहिला माग आपल्या गाईचा असू दे. तिचं दावं हुंगायला द्यायचं, तिला आधी थोड्या अंतरावर नेऊन बांधून यायचं, सकाळी, दव असताना, कारण ओल्या जमिनीवर वास धरून राहतो, चिऱ्याच्या तापलेल्या सड्यावर दुपारी बारा वाजता देवाचं नाक असलं तरी उपयोग नाही. लांब दोरी लावा, कुत्र्याला पुढे जाऊ द्या, तुम्ही मागे, आणि चुकला तर ओढू नका, उभे राहा, तो स्वतः परत वळून शोधतो, तिथेच तो शिकतो. हळूहळू अंतर वाढवा, मग वेळ वाढवा, गाय नेल्यावर तासानं, दोन तासांनी. मग मधून दुसऱ्याची गाय आडवी नेऊन माग कापा, बघा तो फसतो का. हे पक्कं व्हायला सहज वर्ष जाईल, जाऊ दे.

आणि मग दुसरा. इथे मात्र चिन्ह बदला. गाईसाठी एक शब्द आणि एक पट्टा, दुसऱ्या कामासाठी दुसरा शब्द आणि छातीवरचा हार्नेस, म्हणजे अंगावर काय चढलं यावरून कुत्र्याला कळतं आज कुठली नोकरी. दुसरं काम हरवलेला माणूस शोधायचं असू शकतं, काजूला गेलेली म्हातारी, वाट चुकलेला टुरिस्ट, धबधब्यांच्या मोसमात हे होतंच. दोन्ही आळीपाळीनं चालू ठेवा, नाहीतर नवीन शिकताना जुनं मागे पडतं. २००२ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, त्यात कुत्र्यांना एकामागून एक असे दहा वास शिकवले, जुने विसरले नाहीत, उलट पुढचे पुढचे वास कमी सरावात शिकले. बॉम्बशोधक कुत्री अशीच तयार होतात. आपल्याच देशात ट्रॅफिक (वन्यजीवांच्या चोरट्या व्यापारावर नजर ठेवणारी संस्था) आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांनी २००८ पासून वनखात्यांसाठी कुत्री तयार करवून घेतली, वाघाचं हाड, बिबट्याचं कातडं, अस्वलाचं पित्त असे वेगवेगळे वास एकच कुत्रा ओळखतो. काझीरंगात झोर्बा नावाचा बेल्जियन मॅलिन्वा गेंडा मारणाऱ्यांचा माग काढत त्यांच्या गावापर्यंत पोचायचा. एकापेक्षा जास्त शिकार शिकवलेला हाउंड पाहिजे ना, हा घ्या. फक्त सावज बदललेलं आहे.

डुकरांचं काय, हा प्रश्न मी टाळत नाही, मीच भोगतोय. एका रात्रीत भात लोळवतात, माडाची रोपं मुळापासून उकरतात, वर खेती, म्हणजे माकडं, शहाळी पाडतात आणि गवेरेडे कुंपण घेऊनच चालायला लागतात. नुकसानभरपाईचा फॉर्म भरून पंचनाम्याची वाट बघत बसायचं, तोपर्यंत दुसरं पीक जातं. राजकारण्यांनी यावर बोलून झालंय, २०१६ ला तर मोराला पण उपद्रवी ठरवायची भाषा झाली होती, पुढे काय झालं ते सगळ्यांना दिसतंय. केरळनं २०२२ मध्ये पंचायतींच्या प्रमुखांना अधिकार दिले, शेतात घुसणारं रानडुक्कर परवानाधारक बंदूकवाल्याकडून मारायला, विष नाही, स्फोटक नाही, करंट नाही. उद्या गोव्यात असं काही झालं, होईल न होईल, मी त्याच्या बाजूनं पण आहे आणि मला धास्ती पण आहे, तर पहिला प्रश्न येणार जखमी डुकराचा. रात्री बार काढला, डुक्कर रक्त सांडत गचपणात गेलं, सकाळी तिथून शाळेची पोरं जाणार. तेव्हा दोरीवर शांतपणे रक्ताचा माग काढणारा कुत्रा लागेल, जर्मनीसारखा, आणि असा कुत्रा ऑर्डर दिली की दुसऱ्या दिवशी येत नाही, दोन वर्षं लागतात. आज आपल्याकडे असा किती जणांकडे आहे? ज्या पोरांनी कुत्रे दिसेल त्यामागे पळवले त्यांचे कुत्रे त्या कामाला तर कायमचे बाद, ते माग सोडून मधेच भेकरामागे जाणार.

म्हणून एक मागणी, तुमच्या पेपरातून पोचावी. पशुसंवर्धन खातं आणि वनखातं यांनी मिळून वाळपईला किंवा बोंडल्याला वर्ग घ्यावा, कुत्रेवाल्यांचा, चतुर्थी झाली पाऊस ओसरला की. तिथेच रेबीजची लस, गोचिडीचं औषध, कुत्र्याची नोंदणी, आणि पोलिसांच्या श्वानपथकातला एखादा शिकवणारा माणूस बोलवून माग काढायचे पहिले धडे. महागडी जात नको, गावठी पिल्लं घ्या, आमची गावठी उन्हापावसाला टिकतात, कमी खातात, आणि त्यांच्यात नाकाचे हुशार किती निघतात ते कुणी कधी मोजायचा प्रयत्नच केलेला नाही. ज्यांच्याकडे मुधोळ, बीगल आहेत त्यांनी पण यावं, बीगलला तर हे काम फार मानवेल. आणि त्या पत्रलेखकांनी नक्की यावं, त्यांचा कुत्रा बघायला मला आवडेल, फक्त पट्ट्याला धरून आणा म्हणावं, माझ्या गाई जवळच बांधलेल्या असतील.

आपला,
सत्तरीतला एक बागायतदार